दुसऱ्या कानाची जागा

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याला हेडफोन लावायला दोन भोकं होती. जोडीला एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि ऐकणाऱ्या दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता यायचं. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांच्या आग्रहामुळे ही सोय ठेवली होती. चार माणसांत बसून एकट्यानेच गाणं ऐकणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. घेणाऱ्यांना मात्र तसं काही वाटलं नाही. दुसरा हेडफोन फारसा कुणी लावलाच नाही. पुढे ते बटणही गेलं आणि भोकही गेलं.

खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्राचे फायदे-तोटे मोजायला बसलो की मला आधी ते बुजलेलं भोक आठवतं. ऐकणाऱ्याला आपल्या कानाची मालकी मिळाली आणि शेजारी बसलेल्याची जागा गेली. ही मालकी कुणाला किती हवी होती, ते घराघरावर आणि धंद्याधंद्यावर अवलंबून आहे. माझा हिशेब वाढवणचा आहे.

वाढवण हे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. अलीकडे ते बंदरापायी पेपरात येतं. त्याआधी मुंबईच्या सराफ्यात वाढवण, वरोर, चिंचणी ही नावं ओळखीची होती ती डायमुळे. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी आणि खोलगट कोरायची. मग त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की फूल, पान, कोयरी पत्र्यावर उठून येते. तो ठोकळा म्हणजे डाय आणि तो कोरणारा डायमेकर. आमचा कारखाना घराच्या पडवीतच होता. कारखाना म्हणायचं, पण खिडकीखाली एक बाक, बाकावर दिवा, भिंग, कानशी, छिन्न्या आणि लहान हातोडी, एवढाच त्याचा पसारा. डोळे भिंगाला चिकटलेले, दोन्ही हात गुंतलेले. मोकळे राहतात ते फक्त कान. म्हणून डायमेकरच्या घरी दुसरं काही नसलं तरी रेडिओ असे.

मोकळे म्हणालो खरं, पण कान तसे पुरते मोकळे नसतात. छिन्नी बोथट होऊ लागली की डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. कोरडा, टोकदार आवाज जाऊन जरा बसका यायला लागतो. ठोकळा बाकावर नीट बसला नसेल तरी घावाचा आवाज फिरतो. वडिलांना फळीवरचा रेडिओ आणि हातातला आवाज, दोन्ही एकाच वेळी ऐकू येत. मध्येच थांबून ते छिन्नी घासून घेत, आणि तेवढ्या वेळात रेडिओवर कुठलं नाट्यगीत लागलं होतं ते विचारलं तर तेही सांगत.

आता रेडिओ हेसुद्धा तसं फिरतं यंत्रच. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९५४ साली बाजारात आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत पोचला. तेव्हा गाणं बरोबर घेऊन हिंडण्याची नवलाई वॉकमनची नाही. फरक होता तो निवडीचा. रेडिओवर काय लागेल ते आपल्या हातात नसे. ‘विविध भारती’ असो, मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ असो की ‘आपली आवड’, आपल्या मनातलं गाणं लागलं तर नशीब. नाही लागलं तर जे लागेल ते ऐकायचं. माझ्या कानावर कुमार गंधर्व, शाहीर साबळे, सकाळचं कीर्तन आणि भातावरच्या करप्याचे उपाय हे सगळं असं न मागता पडलं. त्या वयात मला निवडायला सांगितलं असतं, तर यातलं एकही मी निवडलं नसतं.

आमच्या घरात वॉकमन आला तो जहाजावर नोकरीला असलेल्या काकांच्या बॅगेतून. मालक ठरला माझा मोठा भाऊ. दादा हेडफोन लावून बाकावर बसला, तेव्हा वडील काही बोलतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘एक कान उघडा ठेव.’’ त्यांचा आक्षेप गाण्याला नव्हता, छिन्नीला धरून होता. दादाने एका बाजूचा हेडफोन कानामागे सरकवला, आणि आमच्या कारखान्यात तोच रिवाज पडून गेला.

यंत्राचा खरा लाभ मात्र दादाला झाला नाही, आत्याला झाला. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. घरातल्या रेडिओवर ती भजनं ऐके, बातम्या ऐके. लावणी लागली की कुणीतरी उठून आवाज बारीक करी. तिला कुणी काही बोललं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. दुपारी कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की ती दादाकडून वॉकमन मागून घेई आणि मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसे. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर ‘‘आहे आपलं काहीतरी’’ म्हणे. कॅसेट कुठली होती ते मला ठाऊक होतं, कारण डहाणूच्या बाजारातून ती मीच आणून दिली होती. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या. चेहऱ्यावर काही दिसत नसे, तांदळातला खडा बरोबर बाजूला पडत असे, फक्त सुपाला मधूनच एक जास्तीचा झोका बसे. स्वतःची म्हणावी अशी तिच्याकडे घरात एक पत्र्याची पेटी होती, आणि आता ही दुपार.

माणसांना एकलकोंडं करणारं यंत्र म्हणून वॉकमनवर पुष्कळ टीका झाली आहे. ती करणाऱ्यांना बहुधा घरात स्वतःची खोली होती. ज्या घरात सात-आठ माणसं दोन खोल्यांत वावरतात, जिथे सुनेने काय ऐकावं हे सासूच्या कानाला काय रुचतं त्यावर ठरतं, तिथे एकट्याने ऐकता येणं ही चैन मानता येत नाही. आज गावातल्या कितीतरी बायका भाकऱ्या थापताना, बोंबील वाळत घालताना एका कानात इअरफोन अडकवून असतात. कुणी प्रवचन ऐकतं, कुणी नवऱ्याची उणीदुणी काढणाऱ्या विनोदी गोष्टी. काय ऐकता म्हणून मी विचारत नाही, आणि कुणी विचारूही नये असं मला वाटतं.

समुद्राकडे वळलं की हिशेब उलटा होतो. होडीवर ट्रान्झिस्टर असे तो आधी हवामानासाठी, मग गाण्यांसाठी. वादळाचा इशारा सगळ्यांनी एकदम ऐकायचा असतो, एकट्या तांडेलाने ऐकून चालत नाही. आता इशारा मोबाइलवर येतो, पण वारा फिरल्याचं, इंजिनाचा ठोका चुकल्याचं, जाळ्याचा दोर ताणल्याचं कळतं ते अजून कानालाच. पाण्याखालीही सगळं गप्प नसतं. घोळ हा मासा ज्या कुळातला आहे त्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवरचे स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतात. या पिशवीला आमच्याकडे बोत म्हणतात आणि घोळीची किंमत येते ती तिच्यामुळेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका मच्छीमाराला वाढवणसमोरच्या समुद्रात दीडशेहून जास्त घोळी सापडल्या आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, ही बातमी तेव्हा देशभर गाजली होती. ज्या अवयवाने मासा बोलतो त्याचाच भाव होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा किनारा नुसत्या वाळूचा नाही, खडकाळ आहे. ओहोटीला दूरवर खडक उघडे पडतात, शंखोदर म्हणतात त्या जागेपर्यंत पाय भिजवत जाता येतं. बायका वाकून खडकावरची कालवं फोडत असतात. त्यांची पाठ समुद्राकडे असते. भरतीचं पाणी समोरून लाट होऊन येतं ही शहरातल्या माणसाची समजूत. खडकाळ किनाऱ्यावर ते आधी मधल्या चरांतून, मागून, बिनबोभाट शिरतं. बिनबोभाट म्हणजे डोळ्यांना. कानाला खडकांच्या भेगांतला बुडबुड आवाज ऐकू येतो आणि अनुभवी बाई मान वर न करता पाटी उचलते. इथे दोन्ही कानांत इअरफोन घालून उतरणारा माणूस कितीही चांगलं गाणं ऐकत असो, मी त्याला हटकतो.

माझं स्वतःचं ऐकणं मुख्यतः गाडीत झालं. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली. त्याआधी आमची भिस्त शटलवर आणि मिळेल त्या एक्स्प्रेसवर. आमचं जवळचं स्टेशन वाणगाव, नोकरी अंधेरीला, म्हणजे एका बाजूचे जवळपास दोन तास. या प्रवासात प्लेअर नसता तर मी काय केलं असतं, याचा विचार मला करवत नाही. झोप येत नाही अशी जागा, वाचता येत नाही अशी गर्दी, आणि ऐकावी लागते ती शेजारच्याची फोनवरून चाललेली जमिनीची भांडणं. अशा वेळी भीमसेन जोशींचा एखादा राग पालघर ते विरार पुरतो आणि माणूस कामावर शहाण्यासारखा पोचतो.

या सुखाची किंमत मात्र कानाच्या आतल्या केसांसारखे तंतू असलेल्या पेशींनी भरायची असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये अशा यंत्रांसाठी मानक ठरवलं. मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. आवाज ३ डेसिबलने वाढवला की मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ वर २० तास, ८६ वर १० तास. माझा प्रवास रोजचा चार तासांचा, सहा दिवसांचे झाले चोवीस. आता खरी मेख अशी की डब्यातला खडखडाट इतका असतो की साध्या इअरफोनमध्ये गाणं ऐकू यायला आवाज वाढवावाच लागतो, आणि तो किती वाढवला हे कळत नाही, कारण कान तुलना करतो ती डब्यातल्या आवाजाशी. गाडी स्टेशनात थांबली की एकदम जाणवतं की आपण कानात केवढा कल्लोळ चालवला होता. याच संघटनेच्या अंदाजाने जगातली शंभर कोटींहून जास्त तरुण माणसं अशा ऐकण्यामुळे बहिरेपणाच्या धोक्यात आहेत. बाहेरचा आवाज अडवणारे महागडे हेडफोन या दुखण्यावर औषध आहेत खरे, पण ते घातले की गाडी कुठल्या फलाटावर येणार ही घोषणाही अडते, आणि रूळ ओलांडणाऱ्याच्या कानात ते असले तर पुढचं सांगायला नको.

डब्यात एक भजनी मंडळही होतं. सकाळी टाळ काढून बसायचे. बरं गात असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातला एक कायम वरच्या पट्टीत सुटायचा आणि बाकीचे त्याच्यामागे फरफटत जायचे. मी इअरफोन लावून खिडकीत बसायचो. तरी बॅटरी संपलेल्या दिवशी त्यांचं भजन कानावर यायचं, आणि आज मला त्या भजनांच्या चाली पाठ आहेत. प्लेअरमध्ये अतिशय आवडीने भरून घेतलेली कित्येक गाणी मात्र विसरून गेलो. याचा अर्थ भजन मोठं आणि प्लेअर छोटा असा मी काढत नाही. माणसं समोर गात असली की त्यांच्या चुकाही चालीबरोबर लक्षात राहतात, एवढंच.

माणसं आणि गाणं वेगळी काढताच येत नाहीत असं ऐकणं आमच्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डहाणूच्या डोंगरपट्टीत आणि तलासरीकडे वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. वजनाला हलका, खांद्यावर टाकून मैलभर नेता येतो. फिरतं यंत्र म्हणून त्याच्यात काही उणं नाही. वाजवणारा फुंक न तोडता वाजवत राहतो, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती माळ करतात, आणि त्याने सूर पालटला की माळ वळते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे ती वळलेली माळ जगभर गेली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी अवघं आयुष्य तारपा वाजवण्यात घालवलं. हे संगीत प्लेअरमध्ये भरून ऐकलं तर पहिल्या मिनिटानंतर अनोळखी माणूस कंटाळतो, कारण सूर थोडे आणि तेच ते. पण माळेत उभं राहिलं की कळतं, ते सूर ऐकण्यासाठी नाहीतच, पाय कुठे टाकायचा ते सांगण्यासाठी आहेत. लग्नात धवलेरी गाते तेही तसंच. तिच्या गाण्याने लग्न लागतं. ते बाजूला बसून ऐकायचं मनोरंजन नाही.

असं लिहिलं की वाटतं, सगळ्यांचं ऐकणं ते चांगलं आणि एकट्याचं ते वाईट. या मोहात पडायचं नाही. कारण सगळ्यांच्या ऐकण्याचा आजचा अवतार तारपा नाही, हळदीच्या मांडवातला डीजे आहे. लग्नसराईत आमच्या किनारपट्टीवर एका रात्री तीन-तीन हळदी असतात. भिंती हलतात, ताटात ठेवलेली वाटी हलते. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायिलेली कोळीगीतं त्यात अशी दळून निघतात की ओळखू येऊ नयेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. नियम सगळ्यांना ठाऊक आहेत. पोलिसांना फोन करणाऱ्याचं नाव उद्या सकाळी गावभर होतं, हेही ठाऊक आहे. अशा रात्री मी प्लेअर कानाला लावून पडतो. तेव्हा तो गाण्यासाठी नसतो, उशीसारखा कान झाकायला असतो. मंडपातल्या आवाजाने माझ्या कानाची मालकी माझ्याकडून न विचारता घेतलेली असते. ती परत मिळवायचं दुसरं साधन माझ्याकडे नाही.

वेगळा प्लेअर कशाला, फोन आहे की, असं लोक म्हणतात. त्यांचं खरंही आहे. ‘हजार गाणी खिशात’ म्हणत २३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेला आयपॉड खुद्द ॲपलनेच मे २०२२ मध्ये बंद केला, तो फोनने त्याला गिळल्यामुळेच. तरी मी लहानसा, इंटरनेट नसलेला प्लेअर बाळगून आहे. त्याचा पहिला गुण हा की तो गाण्याच्या मध्ये बोलत नाही. बँकेचा निरोप, गावच्या ग्रुपवरचं भांडण, ‘केवायसी अपडेट करा’, यातलं काही त्याला ऐकू येत नाही. दुसरा गुण मालकीचा. मध्यंतरी सगळे विंक या गाण्यांच्या ॲपवर गाणी उतरवून ठेवत होते. २०२४ मध्ये विंक बंद झालं आणि लोकांना कळलं की उतरवलेली गाणी आपली नव्हती, भाड्याची होती. माझ्या प्लेअरमधली फाईल कुणी लांबून पुसू शकत नाही.

अवगुणही सांगायला हवेत. तो वेगळा चार्ज करावा लागतो, आणि नेमका नको तिथे मान टाकतो. गाणी शोधून, नावं लावून भरणं हे रविवार खाणारं काम आहे. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे तो मला माझ्याच आवडीत कोंडतो. त्यात आहे ते सगळं मीच भरलेलं. करप्याचा उपाय त्यावर कधी लागत नाही. वीस वर्षांपूर्वी जे आवडत होतं तेच आजही फिरून फिरून ऐकतो आणि त्याला आपली अभिरुची म्हणतो. आईच्या म्हातारपणी घरात ‘सारेगामा कारवां’ आला. २०१७ मध्ये निघालेल्या या डब्यात कंपनीनेच पाच हजार जुनी गाणी भरून दिलेली होती. आई तो रेडिओसारखा लावून ठेवी, निवड न करता. आधी मी हसलो, मग लक्षात आलं की तिला तिचा रेडिओ परत मिळाला आहे.

गाणी भरून घेण्याचाही एक जमाना होता. चिंचणी-डहाणूच्या बाजारात मोबाइलच्या दुकानावर पाटी असे, ‘गाणी भरून मिळतील’. मेमरी कार्ड द्यायचं, पैसे द्यायचे, तासाभराने यायचं. चोरीचा मामला होता, यात शंका नाही. कलाकाराला त्यातून कवडी मिळत नसे. पण त्याच कार्डांवरून आजूबाजूच्या पाड्यांतल्या पोरांनी स्वतः गायलेली, कुठल्याही कंपनीने न काढलेली गाणी तालुकाभर फिरली. ज्यांच्यासाठी रेडिओचं दार कधी उघडलं नाही त्यांना हे खिडकीएवढं भोक पुरलं. दुकानदाराने माझ्या कार्डावर मी सांगितलेल्या गाण्यांबरोबर अशी दोन-चार न विचारता टाकली होती. ती अजून आहेत.

वॉकमनच्या जन्माची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सोनीकडे आधी प्रेसमन नावाचं पत्रकारांसाठीचं लहान ध्वनिमुद्रण यंत्र होतं. कंपनीचे दुसरे संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, म्हणून अभियंत्यांनी प्रेसमनमधली मुद्रणाची सोय काढून टाकली आणि तिथे स्टिरिओ ऐकण्याची बसवली. म्हणजे खिशातल्या गाण्याची सुरुवातच टिपण्याचं बटण काढून झाली. ऐका, पण ठेवून घेऊ नका. ठेवायचं ते आम्ही विकू. पुढे चाळीस वर्षं आपण दुसऱ्यांनी मुद्रित केलेलं ऐकत राहिलो आणि आपल्या अंगणात काय वाजतंय ते फारसं कुणी ठेवलं नाही.

म्हणून शेवटचा प्लेअर घेताना मी मुद्रणाचं बटण असलेला पाहून घेतला. घाई होण्याचं कारणही होतं. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. ७६,२२० कोटींचा खर्च, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरच्या वर लांबीची लाटरोधक भिंत. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने हेच बंदर नाकारलं होतं, आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली. गावाच्या भिंतींवर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ अजून रंगवलेलं आहे. कामं मिळतील म्हणणारेही आहेत, आणि त्यांना मी खोटं म्हणत नाही. माझं मत विरोधाचं आहे. पण बाजू कुठलीही असो, भराव टाकणारी जहाजं आणि खांब ठोकणारी यंत्रं आली की किनाऱ्याचा आवाज पूर्वीचा राहणार नाही, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. खांब ठोकल्याचा धक्का पाण्यातून फार लांब जातो. घोळीने त्यात कुणाला हाक मारायची?

तेव्हा मी टिपत सुटलो. शंखोदराच्या वाटेवरच्या भेगांतलं भरतीचं पाणी. कालवं फोडणाऱ्या बायकांचं बोलणं, त्यांची परवानगी घेऊन. त्यातला निम्मा भाग कुणाला ऐकवण्याजोगा नाही, म्हणून तो त्यांच्याच हवाली केला. गिरणीचा पट्टा. वाऱ्यातली सुरूची झाडं. चांगलं मुद्रण होतं असं नाही, वारा मायक्रोफोनवर थपडा मारतो आणि अर्धं वाया जातं. दादाच्या कारखान्यातही तासभर यंत्र ठेवून आलो. तिथे आता संगणकावर चालणाऱ्या यंत्रांशी स्पर्धा आहे, काम कमी झालंय, पण दादा अजून हाताने कोरतो. तो काम करत होता तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत बिनवायरीची ती पांढरी बटणं होती, मुलाने घेऊन दिलेली. कुठलीशी मालिका ऐकत होता.

संध्याकाळी त्याला ते मुद्रण ऐकवलं. मला वाटलं होतं, वडिलांविषयी काही बोलेल. त्याने थोडा वेळ ऐकलं, कपाळाला आठी घातली, मागे नेऊन परत ऐकलं.

‘‘छिन्नी बोथट आहे ही,’’ तो म्हणाला. ‘‘तिथे बसला होतास ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’’